आसाजवळ जड, टोकांकडे हलके

फारसीतील ‘कारवान’ या शब्दाचा मूळ अर्थ उंटघोड्यांसह वाट चालणारा तांडा असा आहे. ब्रिटनमध्ये मात्र हा शब्द चाकांवरच्या एकट्या घराला चिकटला, आणि आज तेथे ‘कॅराव्हॅन’ म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत नेण्याची, स्वतःचे इंजिन नसलेली, आत बिछाने, शेगडी, फ्रीज व शौचकूप असलेली खोली होय. इंजिन असलेल्या घरगाडीला तेथे ‘मोटरहोम’ असे वेगळे नाव आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये आखलेल्या कारवाँ पर्यटन धोरणाच्या निमित्ताने आपल्याकडे ज्या वाहनांची चर्चा झाली ती बहुतांशी या दुसऱ्या जातीची होती. हा भेद केवळ नावापुरता नाही. ओढली जाणारी खोली भरणे हे मोटार भरण्याहून अगदी निराळे काम असून त्यात काय न्यायचे यापेक्षा ते कोठे ठेवायचे या प्रश्नाला अधिक वजन असते, आणि हे ‘वजन’ येथे शब्दशः घ्यायचे आहे.

हौसेखातर अशा घरातून फिरण्याची रीत ब्रिटनमध्ये फार जुनी नाही. रोमा लोक पिढ्यान्पिढ्या चाकांवरच्या घरांत राहत आले, पण ती त्यांची उपजीविका व जीवनरीत होती. केवळ सहलीसाठी खास बांधून घेतलेल्या घरगाडीचा मान सामान्यतः गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल शल्यवैद्याच्या ‘वाँडरर’ला दिला जातो, जी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथे बांधली गेली आणि दोन घोड्यांनी ओढत त्याच वर्षी थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत नेली. १९०७ मध्ये हौशी मंडळींचा क्लब स्थापन झाला, पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची जागा मोटारीने घेतली, आणि पुढे ही चैन मध्यमवर्गाच्या उन्हाळी सुट्टीचा भाग बनली. स्टेबल्सबरोबर नोकर, कुत्रा आणि पोपट होते; मुले नव्हती. आजच्या तयारीतील बहुतेक गुंतागुंत मुलांमुळे आलेली आहे, असे म्हटले तर ती तक्रार समजू नये.

तयारीचा पहिला टप्पा सामानाचा नसून कागदाचा असतो. प्रत्येक कॅराव्हॅनवर निर्मात्याने दोन वजने नमूद केलेली असतात : एक, ती कारखान्यातून बाहेर पडतानाचे, म्हणजे चालू स्थितीतील रिकामे वजन, आणि दुसरे, रस्त्यावर तिने कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये असे कमाल वजन. या दोहोंतील फरकाला ‘पेलोड’ म्हणतात, आणि संपूर्ण कुटुंबाची सुट्टी त्या फरकात बसवावी लागते. रिकामे वजन १,३०० किलो व कमाल वजन १,४५० किलो असे उदाहरणादाखल धरले, तर हाती १५० किलो राहतात, आणि ही रक्कम ऐकायला भरघोस वाटली तरी तिला फार लवकर गळती लागते. बॅटरीचे वीसपंचवीस किलो अनेकदा याच हिशेबात धरावे लागतात, दाराबाहेर उभारायच्या कापडी पडवीचे (तिला ‘ऑनिंग’ म्हणतात) खांबांसह पंचवीसेक किलो होतात, आणि जोडणी सोडल्यावर गाडी जागच्या जागी हलवणारी विजेची यंत्रणा बसवलेली असेल तर तिचे आणखी तीसेक किलो जातात. उरलेल्या सुमारे ७० किलोंमध्ये चौघांचे कपडे, अंथरूणपांघरूण, भांडी, शिधा आणि खेळणी मावली पाहिजेत, म्हणजे माणशी वाटा साडेसतरा किलोंचा. परदेशी विमानप्रवासात एका प्रवाशाच्या एका बॅगेलाच बहुधा २३ किलोंची मुभा असते, हे लक्षात घेतले म्हणजे या वाट्याचा तुटपुंजेपणा ध्यानात येतो. शिवाय हा केवळ निर्मात्याचा सल्ला नाही, कारण कमाल वजन ओलांडणे हा ब्रिटनमध्ये गुन्हा असून रस्त्यात गाडी काट्यावर चढवून तपासली जाऊ शकते.

वजनाचा दुसरा हिशेब मोटारीशी असतो. भरलेली कॅराव्हॅन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड नसावी, असा तेथील जाणत्या मंडळींचा नवशिक्यांना उपदेश असतो. तो कायदा नाही. परंतु मागचे ओझे पुढच्या वाहनापेक्षा वरचढ झाले तर चालक कोण आणि ओझे कोणते हे रस्त्यावर उलटेपालटे होते, एवढे तारतम्य त्यात आहे. मोटारीत बसणारी मुले आणि त्यांची आसने मोटारीच्या बाजूला पडतात, कारण चालत्या कॅराव्हॅनमध्ये कोणालाही बसवता येत नाही. मागच्या खोलीत आपापल्या बिछान्यावर लोळत जाण्याचे जे चित्र मुलांच्या मनात असते ते याच ठिकाणी पुसावे लागते.

एकूण वजन मर्यादेत बसले तरी काम संपत नाही, उलट खरे कसब तेथून सुरू होते. कॅराव्हॅनचा सगळा भार बहुधा एकाच आसावर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर तोललेला असतो आणि तिचे पुढचे टोक मोटारीच्या मागील लोखंडी गोळ्यावर टेकते. त्या गोळ्यावर पडणाऱ्या उभ्या भाराला इंग्रजीत ‘नोजवेट’, म्हणजे नाकाचे वजन, असे म्हणतात. हा भार भरलेल्या गाडीच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के असावा आणि मोटारीच्या गोळ्याला ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर कधीही जाऊ नये, असा दंडक आहे. मराठी शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. बैलगाडीत कडबा किंवा पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला काच बसतो. पुढे जास्त झाली की तोच भार त्यांच्या मानेवर येतो. म्हणून गाडी भरणारा माणूस मधूनमधून जू हाताने उचलून भाराचा अदमास घेतो. कॅराव्हॅन भरणारा हेच काम गोळ्याखाली ठेवायच्या छोट्या मापकाने करतो, फरक इतकाच की बैल तक्रार करतो आणि मोटार ताशी ८० किलोमीटरचा वेग येईपर्यंत गप्प राहते. मागे जड झालेली कॅराव्हॅन त्या वेगाला शेपटी हलवू लागते, प्रत्येक झोल आधीच्या झोलापेक्षा मोठा होत जातो आणि अखेर मोटारही त्यात ओढली जाते. या दोषाला तेथे सापाच्या चालीवरून ‘स्नेकिंग’ असे नाव पडले आहे.

यातून भरण्याचा जो नियम निघतो तो साधा आहे : जड वस्तू खाली आणि आसाजवळ, मध्यम वस्तू खालीच पण थोड्या दूर, आणि वरच्या कपाटांत केवळ हलके. म्हणून गुंडाळलेली पडवी आसावरच्या फरशीवर आडवी पडते, डबाबंद पदार्थ आणि बूट बाकांखालच्या कप्प्यांत जातात, आणि डोक्यावरच्या कपाटांत टॉवेल, पोह्यांसारखे हलके जिन्नस व प्लॅस्टिकच्या ताटल्या राहतात. मुलांची बुद्धी मात्र नेमकी उलटी चालते. दुमजली बिछान्यांपैकी वरचा बिछाना ज्याला मिळतो तो आपली सर्व मालमत्ता, पुस्तकांसह, त्याच उंच कोपऱ्यात, बहुधा गाडीच्या अगदी मागच्या टोकाला, रचून ठेवतो. कारण त्याच्या दृष्टीने ती जागा ‘त्याची’ असते, आणि आसाशी त्याचे काही देणेघेणे नसते. मोठ्यांनी रात्री जुळवलेला तोल सकाळी बिघडलेला आढळतो तो पुष्कळदा यामुळे.

हा प्रश्न दटावणीने सुटत नाही, हिशेबाने सुटतो. अनुभवी घरांत प्रत्येक मुलाला एकेक मऊ पिशवी दिली जाते, कारण ताठ सुटकेस कोणत्याच कप्प्यात धड बसत नाही आणि रिकामी झाल्यावरही तेवढीच जागा अडवते; मग मूल न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर आधी पिशवीसह आणि नंतर पिशवीविना उभे राहते, स्वतःच वजाबाकी करते आणि ठरलेल्या आकड्याच्या वर गेलेले सामान स्वतःच बाहेर काढते. आठदहा वर्षांच्या मुलाने आपल्या हाताने केलेली ही निवड पाहण्यासारखी असते, कारण त्यात कपडे सर्वांत आधी बाहेर पडतात आणि दगडासारखा जड असा ठोकळ्यांचा डबा शेवटपर्यंत टिकून राहतो. येथे पालकाने कपड्यांची बाजू घेणे भाग असले तरी डबा सरसकट नाकारणे शहाणपणाचे नाही. इंग्लंडच्या पश्चिमेला, कॉर्नवॉलमध्ये किंवा लेक डिस्ट्रिक्टमध्ये, ऑगस्टातही दोन दोन दिवस पाऊस लागतो, आणि सुमारे सहा मीटर लांब व सव्वादोन मीटर रुंद खोलीत चार माणसे कोंडली गेली की पत्त्यांचा जोड, रंगखडू आणि तो डबा यांची किंमत त्यांच्या वजनाच्या मानाने कितीतरी वाढते. पत्ते त्यात श्रेष्ठ. त्याखालोखाल प्रत्येक मुलाची स्वतंत्र विजेरी, कारण रात्री तळावरच्या सामायिक स्वच्छतागृहापर्यंत जाण्याची भीती तिच्यामुळे खेळात बदलते. रबरी बूट दाराशीच ठेवावे लागतात, आणि घरची उशी मात्र कितीही मोठी असली तरी न्यावी, कारण अनोळखी अंथरुणात मुलाला झोप लागली नाही तर ती कोणालाच लागत नाही.

सर्वांत घातक सामान ते, जे ‘असू दे, लागेल’ या शब्दांच्या बळावर आत शिरते. स्वयंपाकघरात त्याची वस्ती सर्वाधिक असते. डबाबंद पदार्थांचे दहा डबे सहज पाच किलोंच्या घरात जातात, आणि तळाजवळच्या गावात दुकान असताना ते दोनशे मैल ओढत नेणे म्हणजे पेट्रोलवर शिजवणे होय. ब्रिटनमधील मराठी कुटुंबाने या प्रवासात कुकर न्यावा की नाही, यावर मतभेद होऊ शकेल. कुकर जड असतो हे खरे, परंतु डाळभात लवकर शिजून गॅस वाचतो, आणि गॅस तर मोजून नेलेला असतो. मसाल्याच्या डब्याला मात्र दोरी किंवा रुंद रबर बांधणे अगत्याचे, कारण पहिल्याच खडबडीत वळणावर झाकण निसटले तर सुट्टीभर अंथरुणाला हळदीचा वास येत राहतो.

पाणी भरून कोणी नेत नाही. चाळीस लिटरच्या पिंपाचे भरल्यावर चाळीस किलो होतात, म्हणून ते रिकामे न्यायचे आणि तळावरच्या नळावर भरून जमिनीवरून लोळवत आणायचे. हे काम मुलांना मनापासून आवडते आणि ते त्यांच्याकडे सोपवावे. शौचकुपाखालची सरकती टाकी, जिला ‘कॅसेट’ म्हणतात, रिकामी करण्याचे काम मात्र आवडीने कोणी मागत नाही, तेव्हा त्याची पाळी घरूनच ठरवून निघणे बरे. गॅसच्या बाबतीत ऋतू पाहावा लागतो, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो आणि प्रोपेन कडाक्याच्या थंडीतही चालतो. ईस्टरच्या सुट्टीत थंडगार शेगडीपाशी बसलेल्या कुटुंबांनी हा फरक सहसा उशिरा शिकलेला असतो. बंदिस्त खोलीत ज्योत पेटणार म्हणून कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र चालू आहे ना हे पाहणे यादीत सर्वांच्या आधी असावे. टायरांचे तसेच आहे : कॅराव्हॅन वर्षातील बहुतेक दिवस उभी राहत असल्याने तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, आणि त्यांचे वय बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांवरून कळते, ज्यांपैकी पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात.

निघण्यापूर्वीचा शेवटचा तास मोठ्याने उच्चारण्याचा असतो. एक जण यादी वाचतो आणि दुसरा प्रत्येक गोष्टीला हात लावून होकार देतो : छताच्या खिडक्या बंद, गॅसची चावी बंद, फ्रीजच्या दाराला अडसर, चारही कोपऱ्यांचे टेकू वर, विजेची तार गुंडाळलेली, पुढचे आधाराचे चाक उचललेले, आणि जोडणी तुटली तर कॅराव्हॅनचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार मोटारीला अडकवलेली. केवळ नजरेने पाहून चालत नाही, कारण रोजच्या पाहण्यातली वस्तू डोळ्यांना जागेवरच दिसते. दारासमोरची सुटी पायरी अंगणातच विसरून गेलेली कुटुंबे याची साक्ष देतील. शेवटी एक मूल गाडीच्या मागे सुरक्षित अंतरावर उभे राहते आणि डावा दिवा, उजवा दिवा, ब्रेकचा दिवा असे ओरडून सांगते. या क्षणी ते मूल प्रवासी नसून कर्मचारी असते, आणि त्या दिवसापुरते तरी त्याचे वागणे त्यामुळे सुधारते. पुढे बारा वर्षांखालील आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना त्यांच्या आसनांत बसवून, मोटारीतच हाताशी राहील अशी कोरड्या कपड्यांची, पाण्याची आणि वांतीच्या पिशव्यांची थैली ठेवून गाडी निघते. कॅराव्हॅन ओढणाऱ्याला मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा असते व तीन किंवा अधिक मार्गिकांच्या मोटरवेवर सर्वांत उजवी मार्गिका वर्ज्य असते, म्हणून पोहोचण्याची वेळ नेहमीपेक्षा पुढची धरूनच मुलांना सांगावी.

परतीचे सामान भरणे हे उलट्या क्रमाने तेच काम आहे असा समज असतो, आणि तो चुकीचा आहे. शिधा संपल्याने भार कमी व्हायला हवा, पण पावसात भिजलेली पडवी कोरडीपेक्षा बरीच जड होते आणि ओल्या टॉवेलांचेही तेच. शिवाय घाईत सगळे जिथे जागा दिसेल तिथे कोंबले जाते, म्हणून नाकाचे वजन परतताना पुन्हा मोजावे. त्यात अनेकदा न समजणारे काही किलो जास्त भरतात. ते बहुधा पुढच्या पेटीत, गॅसच्या टाक्यांशेजारी, मुलांनी दडवून ठेवलेल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या गोट्यांचे असतात, आणि १९४९ च्या किनारा संरक्षण कायद्यान्वये अनेक ब्रिटिश किनाऱ्यांवरून असे गोटे उचलून नेण्यास मनाई आहे.