अंदमानात स्कूबाला जाताय? आधी तो फॉर्म वाचा

केंद्र सरकारच्या नोकरीतली आपली बरीच मंडळी आता एलटीसीवर अंदमानला जातात. सेल्युलर जेल पाहून झालं की दुसऱ्या दिवशी बोटीनं स्वराजद्वीप. म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, २०१८ च्या डिसेंबरात त्याचं नाव बदललं. तिथं गेलेला माणूस स्कूबा केल्याशिवाय सहसा परतत नाही. पोहता येत नसलं तरी चालतं, असं सांगतात. ते खरंही आहे. पण पोहता न येणं वेगळं आणि तब्येत न चालणं वेगळं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना बहुधा नेमो रीफवर नेतात. तिथं किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात उतरायचं असतं. कमरेइतक्या पाण्यात तोंडानं श्वास घ्यायचा सराव होतो, मग प्रशिक्षक तुमच्या पाठीवरची टाकी धरून हळूहळू खोल नेतो. पहिल्या वेळेला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. पाणी २७ ते ३० अंश, प्रवाळ, रंगीत मासे. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. मेअखेरीस नैर्ऋत्य मोसमी वारे आले की समुद्र खवळतो आणि पाणी गढूळ होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जास्त, भांगाच्या भरतीला कमी. आपल्या मालवणचा कुणीही कोळी हे सांगेल, अंदमानातही हिशेब तोच.

पाण्यात उतरण्याआधी एक कागद सहीसाठी पुढे येतो. बहुतेक ठिकाणी तो इंग्रजीत असतो आणि मागे पुढची तुकडी उभी असते. दमा आहे का, फिट येते का, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, अलीकडचं ऑपरेशन, गरोदरपण. लोक सगळीकडे ‘नाही’वर खुणा करून मोकळे होतात, कारण एक ‘हो’ लिहिलं की डॉक्टरचं पत्र मागतात आणि भरलेले पैसे अडकतात. हा कागद कंपनीला वाचवायला आहे, हे मलाही मान्य. पण त्यातला प्रत्येक प्रश्न कुणाच्या तरी जिवावर बेतलं म्हणून तिथं आला आहे. घरून निघण्याआधीच तो मागवून घ्या आणि आपल्या डॉक्टरला दाखवा. त्या रांगेत उभं राहून ठरवायची ही गोष्ट नाही.

पाण्याचा दाब दर १० मीटरला हवेच्या एका दाबाइतका वाढतो. म्हणजे १० मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो. पहिला फटका कानाला बसतो. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि हलकेच हवा कानाकडे ढकलायची. दुखायला लागल्यावर नव्हे, पहिल्या मीटरपासूनच, आणि पुन्हा पुन्हा. सर्दी असेल तर घसा आणि कानामधली नळी सुजलेली असते, हवा पोचत नाही, पडदा फाटू शकतो. सर्दीची गोळी घेऊन उतरू नका. गोळीचा असर पाण्यातच ओसरला तर वर येताना अडचण होते. दुखलं तर हाताची खूण करा. अंगठा वर दाखवला तर पाण्याखाली त्याचा अर्थ ‘छान’ असा नसतो, ‘मला वर न्या’ असा असतो. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं.

दुसरं म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर भरून घेतलेली छाती तशीच रोखून वर आलात तर आतली हवा दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस फाटू शकतं. अगदी दीड-दोन मीटरवरूनही हे घडतं. म्हणूनच दमेकऱ्यांना इतकं विचारतात. आकसलेल्या नळीमागं हवा अडकून राहते.

आता त्या फॉर्मवर आपल्यासाठी जे सर्वांत महत्त्वाचं, त्याकडे येते. सिकलसेल. विदर्भात हा आजार आदिवासींत आणि आपल्या समाजात किती घरांत आहे, हे वेगळं सांगायला नको. दुखण्यानं तळमळणारी पोरं मी वॉर्डात रात्र रात्र पाहिली आहेत. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे (एसएस) त्यांनी स्कूबा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण साधं आहे. पाण्यात अंगाची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं जाते, त्यामुळं २८ अंशाच्या पाण्यातही अर्ध्या तासात हुडहुडी भरते. पाण्याच्या दाबानं हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालं, आणि लघवी वाढते. वर ऊन, बोट लागून झालेल्या उलट्या. गारठा, कोरडं पडलेलं शरीर आणि दमणूक, या तिन्ही गोष्टी सिकलचं दुखणं उठवतात.

शिवाय आणखी एक पेच आहे. खोलवरून घाईनं वर आलेल्या माणसाच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि सांधे दुखतात. उथळ पाण्यातल्या पहिल्या डुबकीत हे क्वचितच होतं. पण सिकलच्या माणसाचे सांधे दुखले तर हे बुडबुडे की सिकलचा झटका, हे लवकर कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार वेगळे. मोठं रुग्णालय म्हणजे पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), दीड-दोन तासांचा समुद्रप्रवास.

वाहक (एएस) असलेल्यांना सरसकट बंदी नाही, बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण डॉक्टरला सांगून, भरपूर पाणी पिऊन, एकच उथळ डुबकी, आणि थंडी वाजताच बाहेर. अडचण अशी की कित्येकांना आपण वाहक आहोत हेच ठाऊक नसतं. सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर वाहक की आजारी हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनं कळतं. तिकिटं काढण्याच्या आधी महिनाभर हे उरकून घ्या. लग्नाच्या वयाची पोरं घरात असतील तर त्यांचंही होऊन जाईल.

रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या पन्नाशीपुढच्या बंधूंनी विशेष जपावं. छातीकडे सरकलेल्या त्या रक्तामुळं फुफ्फुसात पाणी भरू शकतं. पाण्यात खोकला आणि धाप लागली तर घाबरलो म्हणून असं होतंय, असं समजू नका. वर या. आदल्या रात्रीची दारू तर नकोच.

टूरवाले स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवतात आणि पहाटे विमान. हे बदलून घ्या. एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि जास्त डुबक्या किंवा लागोपाठ दिवस झाले तर १८ तास विमानात बसू नये.

खाली कशालाच हात लावू नका. प्रवाळ जिवंत असतं, कायद्यानं संरक्षित असतं, आणि त्यानं कापलेली जखम लवकर भरत नाही. २०१० मध्ये समुद्र तापून अंदमानचं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, उरलेलं तरी राहू द्या. लायनफिश किंवा स्टोनफिशचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, तो भाग अर्धा-दीड तास बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीत उतरू नका, तिथं मगरी आहेत.

घरात सिकलचं पोर असेल किंवा आजी बरोबर असेल, तर नॉर्थ बेला काचेच्या तळाची बोट मिळते. तेच प्रवाळ, तेच मासे, कोरड्या अंगानं. टोपी, पाण्याची बाटली आणि ओआरएसची दोन पाकिटं सोबत ठेवा.