पशुवैद्याला आहारशास्त्र कोण शिकवते?

मुळशीत कुत्र्याला भाकरी घालणारी घरे आहेत, तशी पिशवीतले कोरडे खाद्य आणणारीही आहेत. यांपैकी चांगले कोणते, हे आपण पशुवैद्याला विचारतो. पण पशुवैद्य ते कोणाकडून शिकतो?

मार्क मॉरिस या अमेरिकी पशुवैद्याने १९३९ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी असलेल्या बडी या कुत्र्यासाठी खास आहार तयार केला. १९४८ पासून हिल कंपनी तो डब्यांत भरून विकू लागली. मॉरिस यांच्या नावाच्या संस्थेने पुढे कुत्र्या-मांजरांच्या आहारावर मोठे पाठ्यपुस्तक काढले. त्याच्या लेखकांत कंपनीचे शास्त्रज्ञही होते. म्हणून त्यातली माहिती खोटी ठरत नाही. धोका वेगळाच आहे: ज्यातून विक्री होत नाही, त्या घरच्या अन्नाबद्दलचे प्रश्न मागे पडू शकतात.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत आपल्याकडे हा धोका ओळखला गेला. बालदुग्धपर्यायांच्या १९९२ च्या कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती होऊन, अशा कंपन्यांनी आरोग्यसेवकांच्या परिषदांना आणि अभ्यासक्रमांना पैसा देण्यास बंदी आली. प्राण्यांच्या खाद्याला तो कायदा लागू नाही.

तेव्हा निदान लेबल तपासायला शिकू या. समजा, डब्यातल्या खाद्यात प्रथिने ८ टक्के व पाणी ८० टक्के आहे. कोरड्या खाद्यात प्रथिने २२ टक्के व पाणी १० टक्के. जास्त प्रथिने कशात? पाणी वगळून मोजा: डब्यात २० पैकी ८, म्हणजे ४० टक्के, कोरड्यात ९० पैकी २२, म्हणजे सुमारे २४ टक्के. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.