गंगामुळच्या रानातून केडगावपर्यंत

आपल्या जोयडा तालुक्यात घरी मराठी किंवा कोकणी आणि शाळेत कन्नड, हा नित्याचाच प्रकार. त्यामुळे एक गंमत आपल्याला सहज दिसते. बायबलमधल्या एकाच पुस्तकाला मराठीत ‘नीतिसूत्रे’ म्हणतात, तर कन्नडमध्ये ‘ज्ञानोक्तिगळु’. मराठी नावात वागणुकीवर भर आहे, कन्नड नावात ज्ञानावर. मला कन्नड नाव अधिक जवळचे वाटते. शलमोन राजाला देवाने ‘माग’ म्हटले, तेव्हा त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, धनही नाही. लोकांचा न्याय करण्याइतका विवेक मागितला. ख्रिस्ती परंपरेत आध्यात्मिक शहाणपण असे मागून आणि शोधून मिळवायचे असते.

हा शोध जन्मभर कोणी केला असेल तर तो पंडिता रमाबाईंनी. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आपल्याच सह्याद्रीतल्या गंगामुळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना उडुपीला विद्वानांपुढे जाब द्यावा लागला होता. त्याच आईने रमाबाईंना शिकवले. पुढे तीर्थयात्रा, दुष्काळ, आईवडिलांचा मृत्यू. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, पण मन शांत नव्हते. पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकचे शुभवर्तमान सापडले, तेही बंगालीत. १८८२ मध्ये पती गेले, पदरी लहान मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे बहुतेक चरित्रे ‘शोध संपला’ असे सुचवतात. खरे तर पुढचा भागच महत्त्वाचा आहे. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी पत्रांतून निकराने वाद घातला. देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्मगुरूच्या हवाली करायची नाही, ही त्यांची भूमिका होती. पुढे त्यांनी स्वतःच लिहिले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. ती मनःशांती त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभली. म्हणजे आठ वर्षे ही विदुषी प्रार्थना करीत होती, वाचत होती आणि अस्वस्थही होती. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी देवाधर्मावर प्रश्न विचारू लागली, की आपण लगेच ‘गप्प बस’ म्हणतो. तेव्हा ही आठ वर्षे आठवावीत.

या शहाणपणाने त्यांना काय दिले? लौकिक सुख तर नाहीच. १८८९ साली मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुण्याला आले, आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून पालकांनी मुली काढून नेल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. त्या टीकेत सगळेच निराधार होते असे मी म्हणणार नाही. विधवांना आसरा देणे आणि धर्म देणे यांतली रेषा पुसट असते. पण रमाबाई डळमळल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः फिरून मुलींना आणीत होत्या. कोणाला आधी उचलायचे, त्यांच्या पोटाचे काय, त्यांना कोणता हातव्यवसाय शिकवायचा, हे निर्णय रोजचे होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेती, विणकाम, छपाई सगळे बायकाच करीत. मनोरमाबाईंनी तर आपल्या कर्नाटकातल्या, तेव्हाच्या निजामाच्या गुलबर्ग्यात शाळा काढली.

उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ शब्द काय सांगतो हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे नव्हते, आणि खेड्यातल्या बाईला कळेल असे मराठी बायबल हवे होते. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. केडगावच्याच छापखान्यातून त्यांचे भाषांतर १९२४ साली बाहेर पडले.