वॉर्निंग दाबण्यापूर्वी

साकीनाक्याहून साकी विहार रोडने पवईकडे निघालं की गाळे, गोदामं आणि कंपन्यांच्या इमारती मागे पडतात, एल अँड टीचं गेट लागतं आणि तलाव ओलांडला की आयआयटी. सीप्झ, मरोळ, चांदिवली, पवई या पट्ट्यात असंख्य तरुण-तरुणी दिवसभर प्रोग्रॅम लिहितात. कम्पायलरने दाखवलेल्या वॉर्निंग्ज त्यांच्या स्क्रीनवरून सरकत राहतात आणि बहुतेकांची नजर शेवटच्या ओळीवर असते: बिल्ड झालं की फुटलं? या वॉर्निंग्जच्या मुळाशी असलेल्या शास्त्रात मोलाची भर पडली ती याच रस्त्याच्या टोकाला.

भाषेचा नियम मोडला तर कम्पायलर एरर देतो आणि काम थांबवतो. वॉर्निंगचं तसं नसतं. लिहिलेलं नियमात बसतं, पण संशयास्पद दिसतं. हा संशय घेण्यासाठी कम्पायलरला प्रोग्रॅममधल्या वाटा तपासाव्या लागतात. समजा, एका चलाला किंमत मिळते ती फाइल सापडली तरच, आणि पुढे तो चल वापरला जातो मात्र प्रत्येक वेळी. फाइल न सापडण्याच्या वाटेने गेलं तर त्या जागी मेमरीत आधीचं काय पडलं असेल ते हाती लागतं. कोणती किंमत कुठून निघून कुठवर पोचते याचा असा हिशेब म्हणजे डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस.

आयआयटी मुंबईतले प्रा. धनंजय ढमढेरे यांनी या क्षेत्रात मूलभूत काम केलं. सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग आणि ऑपरेटिंग सिस्टिमवरची त्यांची पाठ्यपुस्तकं इंजिनीअरिंगच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासली. त्यांच्यासोबत 1994 साली बिट व्हेक्टर डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसचा व्यापक सिद्धान्त मांडणारे उदय खेडकर पुढे तिथेच प्राध्यापक झाले. 2009 मध्ये अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. आयआयटीत जीसीसी रिसोर्स सेंटर उभं राहिलं आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे तिचं कर्नेल, ज्या कम्पायलरने वर्षानुवर्षं बांधलं जातंय, त्या जीसीसीचं अंतरंग उलगडणाऱ्या कार्यशाळा तिथे भरल्या. लाखो ओळींचा हा कम्पायलर आतून वाचायला शिकवणं हे फार मोठं काम होतं. त्याचं श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं.

कर्नेलमध्ये वॉर्निंगचं वजन वेगळं असतं. साधा प्रोग्रॅम कोसळला तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला बाजूला काढते आणि बाकीची कामं चालू राहतात. कर्नेलच्या खाली सांभाळणारं कुणी नाही. शिवाय जागा तुटपुंजी. नेहमीच्या 64 बिट इंटेल यंत्रावर कर्नेलमधल्या प्रत्येक कामाच्या स्टॅकला फक्त 16 किलोबाइट मिळतात. चालू असतानाच ज्याचा आकार ठरतो असा अ‍ॅरे या जागेत मांडणं धोक्याचं. म्हणून कर्नेल विकासक केस कुक आणि इतरांनी एकेक फाइल पालथी घालून असे अ‍ॅरे काढून टाकले. 2018 अखेरच्या 4.20 आवृत्तीत ते संपले आणि पुन्हा कुणी लिहिला तर वॉर्निंग यावी अशी सोय झाली.

पण संशय नेहमी खरा नसतो. कम्पायलरला दिसणाऱ्या काही वाटांवरून प्रत्यक्षात कुणी कधीच जात नाही. ‘चल कदाचित रिकामा असेल’ असं सांगणाऱ्या वॉर्निंगचा खोटा गलबला जीसीसी 10 आल्यावर इतका वाढला, की लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी 2020 मध्ये ती नेहमीच्या बिल्डमधून बंदच करून टाकली. अशा वेळी सोपा मोह असतो तो चलाला सुरुवातीलाच शून्य देऊन टाकण्याचा. वॉर्निंग लगेच गप्प होते. मात्र कर्नेलच्या बहुतांश फंक्शन्समध्ये शून्य परत येणं म्हणजे काम फत्ते, आणि चुकलं तर ऋण आकडा. तेव्हा विचार न करता दिलेलं शून्य अपयशालाही यशाचा शिक्का मारून पुढे पाठवतं, आणि कम्पायलरही मग काही बोलत नाही.

असा इशारा दाबण्याची जबर किंमत डेबियन या लिनक्स वितरणाने मोजली. मेमरी तपासणाऱ्या साधनाने ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीत ‘न भरलेली जागा वाचली जातेय’ अशी तक्रार केली, म्हणून 2006 मध्ये दोन ओळी वगळण्यात आल्या. त्यातली एक ओळ यादृच्छिकतेचा साठा भरत होती. ती गेल्यावर गुप्त किल्ल्या प्रोसेसच्या क्रमांकावरच बेतू लागल्या. एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्लीसाठी शक्यता उरल्या सुमारे 32 हजार. हे उघड झालं मे 2008 मध्ये. तोवर डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या फेकून देऊन नव्या कराव्या लागल्या.

वॉर्निंग आली नाही म्हणून निर्धास्त होणंही चूकच. नोव्हेंबर 2003 मध्ये कुणीतरी लिनक्सच्या मूळ संग्रहाच्या सीव्हीएस प्रतीत चोरून दोन ओळी घुसवल्या. वरकरणी त्या वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का ते तपासत होत्या. प्रत्यक्षात दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच होतं, त्यामुळे तो क्रमांक शून्य करून टाकला जात होता, म्हणजे मागणाऱ्याच्या हाती सगळ्या यंत्राची सत्ता. अशा चुकीवर जीसीसी वॉर्निंग देतो, पण त्या भागाला स्वतंत्र कंस असेल तर ‘हे मुद्दाम लिहिलंय’ असं समजून सोडून देतो. इथे कंस होता. डाव उघडा पडला तो मूळ संग्रह आणि प्रत यांची नोंद जुळली नाही म्हणून.

मुद्दाम की चुकून, हे लिहिणाऱ्याला कोडमध्येच स्पष्ट सांगायला लावणं हाच सगळ्यात चांगला उपाय, आणि त्याचं उत्तम उदाहरण कर्नेलमध्येच आहे. सी भाषेत स्विचच्या एका केसखाली ब्रेक लिहायचं राहिलं तर नियंत्रण पुढच्या केसमध्ये घरंगळतं. कधी ते हवंच असतं, कधी तो घात असतो. कर्नेल विकासक गुस्ताव्हो सिल्वा यांनी अशा जागा चिकाटीने एकेक करून वाचल्या, हवं तिथे तसं नोंदवलं, राहिलेले ब्रेक भरले. 2019 च्या 5.3 आवृत्तीपासून ही वॉर्निंग संपूर्ण कर्नेलसाठी चालू झाली. या साफसफाईत खरे दोषही सापडले.

सप्टेंबर 2021 मध्ये टोरव्हाल्ड्स यांनी आणखी पुढे जाऊन प्रत्येक वॉर्निंगला एररचा दर्जा दिला. वॉर्निंगसकट येणाऱ्या कोडला ते कंटाळले होते. लगेच वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठीची, वेगवेगळ्या कम्पायलरांची बिल्ड्स फुटू लागली. काही दिवसांतच ही सक्ती मूलतः चाचणीच्या बिल्डपुरती राखली गेली. हा तोडगा रास्त वाटतो: कम्पायलरची नवी आवृत्ती नवे संशय घेऊन येणार, आणि त्यापायी सामान्य वापरकर्त्याचं बिल्ड अडता कामा नये.

खोट्यातून खरं निवडण्याच्या प्रश्नावर पुण्यातही काम चाललंय. टीसीएसच्या संशोधन विभागातले तुकाराम मुस्के यांनी अलेक्झांडर सेरेब्रेनिक यांच्यासह 2016 मध्ये अशा इशाऱ्यांशी झुंजण्याच्या पद्धतींचा आढावा घेतला: एकसारखे इशारे एका गटात बांधणं, संभाव्य खरे वर आणणं, खोटे आपोआप गाळणं.

कर्नेलमध्ये हात घालू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीची एक वाट इथूनच मिळते. मेकच्या आज्ञेला ‘डब्ल्यू बरोबर 1’ जोडलं की एरवी बंद असलेल्या वॉर्निंग्ज दिसू लागतात. एकच ड्रायव्हर निवडावा, एकच वॉर्निंग घ्यावी आणि ती कोणत्या वाटेवरून आली ते कोडमध्ये शोधावं. पॅच पाठवताना ‘वॉर्निंग काढली’ एवढ्यावर भागत नाही. ती का आली होती आणि केलेला बदल बरोबर का आहे, हे सोबतच्या मजकुरात लिहावं लागतं.