जांब समर्थ नावाची दोन गावं

घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ आणि कुंभार पिंपळगाव अशी दोन गावं आहेत. संगणकातल्या शेलला विचारलं तर तो चार सांगेल: जांब, समर्थ, कुंभार आणि पिंपळगाव. रामदासांचं जन्मगाव म्हणून जांबला समर्थ चिकटलं, पण ते चिकटलेपण शेलला दिसत नाही. त्याला दिसते मधली मोकळी जागा. मोकळी जागा आली की शब्द संपला, एवढंच त्याला ठाऊक.

समजा, जालना जिल्ह्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात बसणारा पोरगा शेतकऱ्यांचे कागद स्कॅन करून गाववार फोल्डरांत ठेवतो. पोर्टलला लहान फाइल लागते, म्हणून प्रत्येक पीडीएफ आवळावी लागते. हे काम घोस्टस्क्रिप्ट नावाचं जुनं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर झकास करतं. पोराने पायथनमध्ये दहा-बारा ओळी लिहायच्या आणि त्या ओळींनी घोस्टस्क्रिप्टला हाक मारायची. पीडीएफ आवळण्याचा कोड स्वतः लिहीत बसणं म्हणजे गावात गिरणी असताना जात्यावर दळायला बसणं.

हाक मारायची सर्वांत सोपी रीत म्हणजे ‘सिस्टिम’ नावाचं फंक्शन. काळ्या खिडकीत आपण जी आज्ञा टाइप केली असती, तीच एका ओळीत जुळवायची आणि त्याच्या हाती द्यायची. गोम अशी की ती ओळ थेट घोस्टस्क्रिप्टकडे जात नाही. आधी एक शेल सुरू होतो, तो ती ओळ वाचतो, स्वतःच्या समजुतीने तिचे तुकडे करतो आणि मग पुढे काय चालवायचं ते ठरवतो.

भुईमुगाच्या शेंगेत आत दाणा आणि बाहेर टरफल, तसं आत कर्नल, म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, आणि बाहेर शेल. हे नाव लुई पूझँ या फ्रेंच अभियंत्याने १९६०च्या दशकात दिलं. युनिक्स या कार्यप्रणालीचा पहिला शेल १९७१ साली केन थॉम्प्सन यांनी लिहिला. शेल जन्मला तो माणसाचे टाइप करायचे कष्ट वाचवायला. तारका दिसली की फोल्डरातल्या सगळ्या फायली घ्यायच्या. उभी रेघ दिसली की एका प्रोग्रामचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडात घालायचं. अर्धविराम दिसला की पहिली आज्ञा संपली, दुसरी सुरू झाली. कीबोर्डसमोर बसलेल्या माणसाला हा हुशार कारकून हवाच असतो. प्रोग्रामला मात्र त्याची हुशारी नडते.

आपला पोरगा महिनाअखेरीस जुने फोल्डर काढून टाकतो. प्रोग्राम म्हणतो, कुंभार पिंपळगाव पूस. शेल ‘कुंभार’ आणि ‘पिंपळगाव’ अशी दोन नावं पुढे धाडतो. ‘कुंभार’ सापडत नाही, पण भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईचे कागद कुणी आळसाने नुसत्या ‘पिंपळगाव’मध्ये ठेवले असतील, तर ते गेले. ज्यांनी काही केलं नाही त्यांचे कागद गेले आणि ज्यांचे जायचे होते ते जागेवरच! ही कल्पनेतली भीती नाही. नोव्हेंबर २००१मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २.०च्या इन्स्टॉलरमध्ये याच जातीची चूक होती. नावाभोवती अवतरणचिन्हं नव्हती, आणि ज्यांनी डिस्कच्या नावात मोकळी जागा ठेवली होती त्यांतल्या काहींच्या डिस्कच पुसल्या गेल्या. ॲपलने घाईघाईने २.०.१ आणलं.

यात देवनागरीचा दोष नाही, हे सांगायला हवं, कारण ‘फायलीला मराठी नाव देऊ नका’ हा सल्ला अजून सर्रास मिळतो. थॉम्प्सन यांनीच १९९२मध्ये रॉब पाइक यांच्याबरोबर यूटीएफ-८ ही लेखनपद्धत बसवली. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि त्या तिन्हींपैकी एकही बाइट अर्धविराम किंवा तारकेसारखा दिसत नाही. १९७९चा बॉर्न शेल प्रत्येक बाइटमधला सर्वांत वरचा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरायचा, त्याच्या हाती आपलं ‘कुंभार’ खरंच फुटलं असतं. आज धोका अक्षरांत नाही, अक्षरांमधल्या जागेत आणि चिन्हांत आहे.

इथवर गोष्ट अपघाताची झाली. गावाचं नाव पोराऐवजी इंटरनेटवरचा कुणी अनोळखी माणूस टाइप करत असेल, तर तीच गोष्ट घातपाताची होते. त्याने ‘जांब’ लिहून अर्धविराम दिला आणि पुढे स्वतःची आज्ञा लिहिली, तर शेल ती इमानेइतबारे पार पाडतो. ‘ध’चा ‘मा’ करायला निदान अक्षर बदलावं लागलं होतं, इथे तेवढेही कष्ट नाहीत. मे २०१६मध्ये इमेजमॅजिक या चित्रं बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच उघडकीला आलं. काही कामांसाठी ते बाहेरच्या प्रोग्रामना बोलावायचं आणि त्यासाठीची आज्ञा जुळवून सिस्टिमकडे द्यायचं. आलेल्या फाइलमधला पत्ता पुरेसा न गाळता त्या आज्ञेत जायचा. फोटो म्हणून चढवलेल्या फाइलमध्ये फोटोच नसायचा, असायची आज्ञा. आणि ती सर्व्हरवर चालायची. या छिद्राला लोकांनी ‘इमेजट्रॅजिक’ असं नावच ठेवलं.

अवतरणचिन्हं घालून भागतं का? काही वेळा. पण नावातच अवतरणचिन्ह आलं तर पुन्हा पहिले पाढे. खरा उपाय शेलला मधून उठवण्याचा. कर्नलकडे प्रोग्राम सुरू करायची जी मूळ सोय आहे, तिला ओळ लागतच नाही, यादी लागते: पहिला प्रोग्राम, मग एकेक शब्द वेगळा. ‘कुंभार पिंपळगाव’ हा त्या यादीतला एक घटक. त्याच्या पोटात काय आहे हे कर्नल बघत नाही, जसा पोस्टमन पाकीट फोडत नाही. पायथनमध्ये २००४पासून ‘सबप्रोसेस’ आहे, आणि तो यादी घेऊन शेलला न विचारताच काम करतो. ‘शेल ट्रू’ असं मुद्दाम लिहिलं तरच शेल मध्ये येतो. गंमत म्हणजे नेटवरून उचललेल्या कोडमध्ये नेमकं तेच लिहिलेलं असतं, कारण त्याने काम ‘चटकन होतं’.

यादीनेही सगळं सुटत नाही. फायलीचं नाव आडव्या रेघेने सुरू झालं तर पुढचा प्रोग्राम त्याला नाव न समजता सूचना समजतो. सेवा केंद्रातल्या संगणकावर बहुधा विंडोज असतं. तिथे तर मुळात यादी नाहीच. नव्या प्रोग्रामला एकच लांब ओळ मिळते आणि तिचे तुकडे ज्याचे त्याने करायचे. सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या रस्ट भाषेलाही विंडोजच्या बॅच फायली चालवताना यातून निसटता आलं नाही. एप्रिल २०२४मध्ये तिला तातडीची दुरुस्ती काढावी लागली.

शेलला अगदीच हद्दपार करा, असं मात्र मी म्हणणार नाही. सगळी ओळ आपणच लिहिलेली असेल, बाहेरचा एक शब्दही तिच्यात नसेल, तर चार प्रोग्राम उभ्या रेघांनी जोडायला त्याच्यासारखा गडी नाही.

राहता राहिला सातबारा. पोराने सबप्रोसेस वापरला, यादी दिली, मोकळ्या जागेची काळजी मिटली, आणि फाइलला नाव दिलं ‘गट ४२ ७/१२’. आता शेल कुठेच नाही, तरी फाइल बनत नाही. युनिक्सच्या घराण्यात फायलीच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत, शून्य बाइट आणि तिरकी रेघ. कर्नल ‘गट ४२ ७’ नावाचा फोल्डर शोधायला जातो, आणि तो नसतो. विंडोजलाही ती रेघ चालत नाही. तेव्हा फायलीच्या नावात तरी ७-१२ असंच लिहावं लागतं.