चपला बाहेर, जंतू आत!

कुठल्याही आयसीयूच्या दारात पहिला हुकूम सुटतो तो चपलांना. गोंदियात आमगाव-देवरीचे पेशंट येतात, तसे बालाघाट आणि राजनांदगावकडचेही येतात. त्यांच्या नातेवाइकांच्या चपलांचा ढीग दाराशी पडलेला असतो. मात्र एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायला जंतूंना सगळ्यात सोयीची गाडी मिळते ती माणसाच्या हाताची. आणि आत हात फिरतात ते डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावशींचे.

आधी की नंतर?

औद्योगिक देशांतल्या 96 अभ्यासांचा आढावा 2010 साली निघाला. हात धुवायला हवेत अशा वेळी ते खरंच धुतले गेले, असं प्रमाण निघालं सुमारे 40 टक्के. सिस्टर 48, डॉक्टर 32! खरी गंमत पुढे आहे. रुग्णाला हात लावण्याआधी धुणारे 21 टक्के, लावून झाल्यावर धुणारे 47. म्हणजे दुसऱ्याचे जंतू आपल्याला नकोत. आपले त्याला गेले तर बघू.

अर्थात आयसीयूतली धावपळ आकड्यात मावत नाही. तासाला वीस वेळा हात स्वच्छ करायची वेळ आली असं धरा. साबण-पाण्याला 40 ते 60 सेकंद लागतात, म्हणजे तासातली तेरा ते वीस मिनिटं सिस्टरनं बेसिनपाशीच काढायची. मग सलाईन कोण बदलणार? हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रवाला, म्हणजे हँडरबला, 20 ते 30 सेकंद पुरतात आणि बाटली खाटेलाच टांगता येते. म्हणून तर जिनिव्हाच्या डॉ. दिदिए पिते यांनी बाटली थेट रुग्णाशेजारी आणली. 1994 ते 1997 या काळात त्यांच्या दवाखान्यातलं हात स्वच्छ करण्याचं प्रमाण 48 वरून 66 टक्क्यांवर गेलं.

सुमन-के कोण?

दवाखान्यात नवीन आलेल्या मुलीला हे नाव ऐकून वाटावं, सीनिअर सिस्टर असतील. पण हा हात चोळायचा क्रम आहे: सरळ, उलटा, मूठ, अंगठा, नख, कलाई. शेवटची कलाई हिंदीतली, म्हणजे मनगट. गोंदियात हे कुणाला सांगावं लागत नाही. घाईत हमखास सुटतात ते अंगठा आणि बोटांची टोकं, आणि नाडी बघायला, सुई टोचायला नेमकी तीच पुढे असतात.

नवजात बाळांच्या एसएनसीयूत नियम आणखी कडक. आत शिरताना अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवून कोपरापर्यंत दोन मिनिटं हात धुवायचे. मग धुतलेल्या हातानं नळ बंद करायचा नाही. कोपरानं ढकलायच्या लांब दांडीचा नळ त्यासाठीच असतो.

मोहफुलाची चालेल का?

नाही! हँडरबमध्ये साधारण 60 ते 80 टक्के अल्कोहोल लागतं. हातभट्टीची मोहाची दारू सहसा तिथवर पोहोचत नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये, जशपूरला, 2020 साली बचत गटाच्या बायकांनी मोहापासून सॅनिटायझर बनवलं खरं, पण ते रीतसर तीव्रता वाढवून. उलट शंभर टक्क्यांच्या जवळ गेलं तरी काम बिघडतं, कारण जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी हवंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या नुस्ख्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही असतं. ते हातासाठी नाही, बाटलीतच दडून बसलेल्या जंतूंच्या बीजाणूंसाठी. हाताला रक्त किंवा घाण दिसत असेल तर मात्र साबण-पाण्याला पर्याय नाही.

हातमोज्यांची प्रेमकथा

ऑपरेशनच्या खोलीत रबरी हातमोजे आले ते एका सिस्टरचे हात वाचवायला. 1889च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हातांवर जंतुनाशकानं चट्टे उठले. सर्जन हॅल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ हातमोजे करवून घेतले, आणि 1890 मध्ये दोघांचं लग्न झालं. व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांच्या गोष्टीचा शेवट असा गोड झाला नाही. 1847 साली त्यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. पण डॉक्टरांच्याच हातांवर बोट ठेवलेलं कोणाला रुचतं? 1865 साली ते वेड्यांच्या इस्पितळात, चिघळलेल्या जखमेनं गेले.

एक मात्र लक्षात ठेवायचं: हातमोजे घातले म्हणजे हात धुतले असं होत नाही. काढल्यावरही धुवावेच लागतात.

बाटली बोलते

पाहणी करणारा समोर उभा राहिला की सगळ्यांचे हात एकदम स्वच्छ होतात. म्हणून हुशार दवाखाने माणसांऐवजी स्टोअरचं रजिस्टर बघतात: हँडरब किती लिटर संपलं? आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा आहे हजार रुग्ण-दिवसांमागे 20 लिटरची. एका रुग्णाला दिवसाला 20 मिली. एका वेळी साधारण 3 मिली लागतं असं धरलं, तर ते सहा-सात वेळांत संपतं. आयसीयूत ते नाश्त्याआधीच संपायला हवं.