इंजिन बदलण्याचा खर्च इंजिनात नसतो: माझदा आरएक्स-७ कडून कोटेशन शिका

कोटेशनवरच्या मागच्या व्हिडिओत मी माझदा आरएक्स-७ चं नाव घेतलं आणि दोन मिनिटांत पुढे सरकलो. मग बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, जपानी स्पोर्ट्स कारमध्ये अमेरिकन इंजिन बसवण्याचा आमच्या धंद्याशी काय संबंध?" व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून इथे नीट लिहितो. माझं स्वतःचं दुकान स्पेअर पार्ट्सचं आहे. गॅरेजवाले रोज काउंटरवर असतात. हाताला भरपूर काम असूनही अडचणीत आलेले मी पाहिलेत, आणि जवळपास प्रत्येक वेळी गोष्ट कोटेशनपाशी येऊन थांबते. हे एवढं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आधी गाडी समजून घ्या. आरएक्स-७ आली १९७८ मध्ये. आपण बोलतोय ती तिसरी पिढी, शौकीन लोक तिला एफडी म्हणतात. जपानमध्ये १९९१ च्या अखेरीला विक्री सुरू झाली ती २००२ पर्यंत चालली. अमेरिकेत मात्र ती १९९३ ते १९९५ एवढ्याच मॉडेल वर्षांत मिळाली. वजन साधारण १,२७० किलो, म्हणजे स्पोर्ट्स कारच्या मानाने हलकी. बॉनेटखाली १३बी-आरईडब्ल्यू हे रोटरी इंजिन.

रोटरीत पिस्टन नसतो. मधे किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो, तो रोटर. असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १,३०८ सीसी. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकएवढीच सीसी, पण दोन टर्बोंच्या जोरावर अमेरिकन मॉडेलमध्ये २५५ हॉर्सपॉवर! खालच्या आरपीएमला एक टर्बो काम करतो, साधारण ४,५०० आरपीएमच्या आसपास दुसरा येऊन मिळतो. कागदावर झकास. प्रत्यक्षात ही अदलाबदल सांभाळायला व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचं अक्षरशः जंजाळ आहे, आणि बॉनेटखाली उष्णता इतकी की तीस वर्षांत त्या नळ्या कडक होऊन तडकतात.

त्याहून नाजूक जागा म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या. त्यांना एपेक्स सील म्हणतात. एका रोटरला तीन कोपरे, प्रत्येक कोपऱ्यावर सील. पेट्रोल-हवेचं मिश्रण किंवा टर्बोचं प्रेशर बिघडून नॉकिंग झालं की सील तुटू शकतं. तुटलेला तुकडा आतल्या भिंतीवर ओरखडे काढतो आणि एक्झॉस्टच्या वाटेने टर्बोत शिरू शकतो. मग कॉम्प्रेशन गेलं. इंजिन उतरवा, उघडा, पुन्हा बांधा. आणि रोटरी बांधणारा कारागीर गल्लोगल्ली मिळत नाही, अमेरिकेतसुद्धा नाही.

आता ग्राहकाकडे बघा. तो गॅरेजमध्ये येऊन म्हणतो, "मला पॉवर वाढवून पाहिजे." थोडा वेळ बोलत राहिलात तर कळतं, त्याला हवंय काय, तर सकाळी चावी फिरवली की गाडी चालू व्हावी आणि ट्रॅफिकमध्ये तापू नये. या दोन मागण्यांची कोटेशनं वेगळी होतात. फक्त भरवसा हवा असेल तर चांगलं बांधलेलं रोटरी, नव्या नळ्या, मोठा रेडिएटर यावरही त्याचं भागू शकतं. ते काम लहान, पण वेळेत संपणारं. हे न विचारता थेट मोठ्या कामाचा भाव सांगणाऱ्याला मी सेल्समन म्हणेन, दुकानदार म्हणणार नाही.

तरीही इंजिन बदलायचंच ठरलं, तर बहुतेकांची पसंती जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेला. पहिलं एलएस१ आलं १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये: ५.७ लिटर, आठ सिलिंडर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ३४५ हॉर्सपॉवर. १.३ लिटरच्या जागी ५.७ लिटर मावेल कसं, असं वाटेल. पण सीसी म्हणजे आतली पोकळी, बाहेरचा आकार वेगळा. एलएसमध्ये कॅमशाफ्ट एकच आणि तोही ब्लॉकच्या आत, त्यामुळे वरची हेड छोटी राहतात. ज्या व्ही-८ मध्ये प्रत्येक हेडवर दोन-दोन कॅम असतात, ती सीसीने लहान असूनही अंगाने रुंद असतात. वजनही वाटतं तेवढं वाढत नाही, कारण रोटरीबरोबर दोन टर्बो, इंटरकूलर आणि त्यांचे पाइपही बाहेर पडतात. चांगल्या कामात साधारण ५०-७० किलोंची वाढ धरली जाते.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतंय ना? इथूनच घोडं पेंड खायला लागतं.

एफडीमध्ये गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत एक लांब फ्रेम जाते. डिफरन्शियलचं नाक तीच धरून ठेवते. नवा गिअरबॉक्स लावला की ही फ्रेम निघते, आणि डिफरन्शियल अधांतरी राहतं. म्हणजे त्यासाठी वेगळं माउंटिंग बनवा. बरं, मूळ इंजिनाचा टॉर्क २९४ न्यूटन मीटर, एलएस१ चा जवळपास ४७५. मूळ डिफरन्शियल आणि ॲक्सल त्या हिशेबाने बनलेलेच नाहीत, म्हणून बरेच जण फोर्डचं ८.८ इंची डिफरन्शियल बसवतात. मग ॲक्सलही बदलले, प्रॉपेलर शाफ्टही मापाने करून घ्यावा लागला. बघा, इंजिन पुढे बसवलं आणि खर्च मागच्या चाकापर्यंत पोचला.

गिअरबॉक्सची गंमत अजून वेगळी. एखाद्याला अपघात झालेल्या कॉर्व्हेटचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र स्वस्तात मिळतो आणि तो खूश होतो. पण त्या कॉर्व्हेटचा गिअरबॉक्स इंजिनाला चिकटून नसतो, तो मागे डिफरन्शियलजवळ असतो. एफडीत तो तसा बसत नाही. इथे लागतो १९९८ ते २००२ च्या कॅमारो किंवा फायरबर्डमधला सहा गिअरचा टी५६. नाव तेच टी५६, इंजिनही त्याच घराण्यातलं, पण माल वेगळा. आमच्या काउंटरवर असे सौदे रोज दिसतात: "तोच पार्ट आहे हो, फक्त दुसऱ्या मॉडेलचा."

पिकअपमधलं एलएस घराण्यातलं ५.३ लिटर इंजिन त्याहून स्वस्त, अमेरिकन भंगारात भरपूर मिळतं. पण त्यातल्या बहुतेकांचा ब्लॉक बिडाचा, म्हणून जड. वरचा इनटेक उंच, एफडीचं बॉनेट बुटकं, ते बंदच होणार नाही. खालचा ऑइल चेंबर खोल, तो क्रॉसमेंबरला अडतो. इनटेक बदला, चेंबर बदला, पंपाचे आणि पट्ट्याचे ब्रॅकेट बदला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

आणि वायरिंग. मेकॅनिकल काम दिसतं तरी, वायरिंग दिसत नाही. नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर मूळ गाडीच्या चोरीविरोधी यंत्रणेकडून परवानगीचा सिग्नल मागतो. तो आला नाही तर इंजिन चालू राहत नाही, त्यामुळे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधून ती अट काढावी लागते. माझदाच्या आरपीएम काट्याला आणि स्पीडच्या काट्याला नव्या यंत्रणेचे सिग्नल जसेच्या तसे कळत नाहीत. पेट्रोलचं प्रेशर वेगळं. त्यावर कॉर्व्हेटचा, रेग्युलेटर आतच असलेला फिल्टर वापरायची युक्ती प्रसिद्ध आहे. एलएसच्या हेडमध्ये साचणारी वाफ बाहेर नेणारी एक बारीक नळी असते, ती रेडिएटरच्या बाजूला नीट जोडली नाही तर इंजिन तापतं. एसीचे पाइप, पॉवर स्टिअरिंगचे पाइप, क्लचचं हायड्रॉलिक, ही प्रत्येक गोष्ट अर्ध्या दिवसाची वाटते आणि दोन दिवस खाते.

आता हिशेब मांडू. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा एका छोट्या अमेरिकन गॅरेजने मजुरी १२० तासांची धरली, तासाला १०० डॉलर, म्हणजे १२,००० डॉलर ठरवून सांगितले. मुदत सहा आठवडे. प्रत्यक्षात लागले १९० तास. पैसे तेवढेच, म्हणजे तासाला ६३ डॉलर पडले. बहुतेक जण इथे थांबतात आणि म्हणतात, "चला, नफा कमी झाला, शिकायला तर मिळालं."

थांबा. रॅम्पचा हिशेब राहिला. समजा तो रॅम्प ब्रेक, क्लच, सर्व्हिसिंग अशा रोजच्या कामातून आठवड्याला १,५०० डॉलर देतो. सहा आठवड्यांत गाडी उतरली असती तर रोजच्या कामाचे ९,००० बुडाले असते आणि १२,००० आले असते. चाललं असतं. पण प्रॉपेलर शाफ्ट उशिरा आला, वायरिंगमध्ये अडकलं, आणि गाडी सोळा आठवडे रॅम्पवर राहिली. १६ गुणिले १,५०० म्हणजे २४,०००. एवढं सोडून हातात आले १२,०००. भाडं आणि पगार तर चालूच. बँकेचा हप्ता असेल तर असं एक काम छोट्या गॅरेजला वर्षभर मागे ढकलतं, असं दुसरं लगेच आलं तर शटर ओढायची पाळी येते. आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय धंदा जोरात आहे, स्पोर्ट्स कार उभी आहे!

तुमचं गॅरेज नसेल, तरी रॅम्प आहेच. बुटीक असेल तर कटिंगचं टेबल, बेकरी असेल तर ओव्हन, प्रिंटिंग असेल तर मशीन. ती जागा एका कामात किती दिवस अडकते, हा आकडा तुमच्या कोटेशनमध्ये आहे का, बघा.

या सगळ्यात टिकाऊ धंदा कोणाला सापडला माहितीये? किट विकणाऱ्यांना. एकदा गाडी मोजली, क्रॉसमेंबर, इंजिन माउंटिंग, गिअरबॉक्सचं माउंटिंग, एक्झॉस्टचे हेडर, डिफरन्शियलचं माउंटिंग, तयार वायरिंग असा संच बनवला, आणि तेच माप पुन्हा पुन्हा विकलं. गॅरेजवाला दर गाडीला नव्याने अडतो, किटवाला पहिल्या एक-दोन गाड्यांतच काय ते अडून घेतो. म्हणून असं काम घेताना "किट स्वस्तात आपणच बनवू, वेल्डिंग तर येतंच" हा मोह मला पटत नाही. वेल्डिंग येणं आणि माप बरोबर असणं यात फरक आहे.

कायद्याचं कलमही कोटेशनमध्येच येतं. कॅलिफोर्नियात बदललेलं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं लागतं, प्रदूषण नियंत्रणाची त्याची सगळी उपकरणं सोबत लागतात, आणि सरकारने नेमलेल्या रेफरीकडे गाडी दाखवावी लागते. हे लक्षात घेऊनच शेवरलेने ई-रॉड नावाचा संच काढला, ज्यात इंजिनाबरोबर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरही येतात. आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येणार नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी जुन्या गाडीत भलतं इंजिन टाकायला निघू नका. इथून फक्त कोटेशन उचला.

ते मी तीन भागांत लिहायला सांगतो. पहिला भाग तपासणीचा, त्याचे पैसे वेगळे आणि आधी, काम मिळो ना मिळो. दुसरा ठरलेल्या रकमेचा, पण फक्त जे माप माहीत आहे त्याच्यासाठी, म्हणजे किट, इंजिन चढवणं, गिअरबॉक्स. तिसऱ्या भागात वायरिंग, काटे, एसी, फिटिंग: तासांवर, आणि ठरावीक तास झाले की फोन करून विचारणार, हे लेखी. ग्राहकाने आणायचा पार्ट उशिरा आला तर रॅम्पचं भाडं किती, हेही तिथेच. ग्राहक कुरकुरतो. कुरकुरू द्या, सुरुवातीची कुरकुर स्वस्त असते.

अजून एक ओळ, जी लोक हमखास विसरतात: काढलेलं इंजिन कोणाचं? १३बी बंद पडलेलं असलं तरी त्याचे रोटर, बाहेरची हाउसिंग, टर्बो यांना रोटरीवाल्यांकडे किंमत आहे. शिवाय मूळ इंजिनासकट असलेल्या एफडीमागे आता संग्राहक लागलेत, त्यामुळे गाडी उद्या पूर्ववत करायची झाली तर तेच इंजिन लागेल. ते खोक्यात भरून, यादी करून ग्राहकाला द्यायचं की त्याची किंमत बिलातून वजा करायची, हे गाडी रॅम्पवर चढण्याआधी लिहून, दोघांच्या सह्या घेऊन ठेवा.